दोन वाट्यांचं माप

२ सप्टेंबर, मंगळवार

बटण उडालं! सरळ आरशावर जाऊन आपटलं आणि कपाटाखाली गेलं.

भाषणाची तालीम चालली होती. व्यासपीठावरचा बंद गळ्याचा कोट चढवूनच तालीम करतो — तीस वर्षांची सवय. उजवा हात वर नेला, आवाज चढवला, 'लठ्ठपणा पोटात नसतो, तो मनाच्या ढिलाईत असतो!' — आणि नेमकं 'ढिलाईत' म्हणताना मधलं बटण गेलं. समोर सभा असती तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. सभा नव्हती. हसायलाही कोणी नव्हतं. तेच जास्त लागलं.

बटण शोधायला कपाटाखाली हात घातला, तर हाताला वजनाचा काटा लागला. हिचा. दोन वर्षं तिथंच पडून आहे. पुसला. चढलो. शहाण्णव! उतरलो, काटा सपाट जागी ठेवला, श्वास रोखून पुन्हा चढलो. शहाण्णवच. दोन वर्षांपूर्वी मी एकोणऐंशी होतो आणि तो आकडा सभांतून छाती ठोकून सांगत होतो.

काल आरोग्य समितीच्या सेक्रेटरीचं पत्र आलं होतं. नगरसभागृह, १२ ऑक्टोबर, आरोग्य सप्ताहाचा समारोप. विषय — वाढता लठ्ठपणा, कारणं आणि उपाय. खाली त्यानं हातानं लिहिलंय, 'सर, तुमचं ते गाजलेलं भाषणच हवं. लोक अजून आठवण काढतात.'

मी आधी होकार कळवला आणि मग कोट चढवला. क्रम चुकला.


३ सप्टेंबर, बुधवार

कोट घेऊन मास्तरकडे गेलो. चौकातल्या अरुंद दुकानात अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून शिवतोय. मला सगळे मागून 'तोफ' म्हणतात. तोंडावर म्हणणारा हा एकटाच.

त्यानं कोट उलटा केला, शिलाई बोटांनी चाचपली.

"तोफसाहेब, आत कापड उरलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी शिवताना आत तीन बोटं कापड दुमडून ठेवतो. माणूस रुंदावतो, हे धरूनच चालतो. तुमचं दोन वर्षांत तीनदा उसवून झालं. आता एकच उपाय. कोट आहे तसा राहू दे, तुम्ही आत या."

बाकावर बसलेलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले. मग टेप लावली. त्याची एक खोड आहे — आकडा आधी मोठ्यानं पुकारायचा आणि मग स्वतःच वहीत लिहायचा. "कंबर... चव्वेचाळीस!" समोरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेला असेल आवाज. आयुष्यभर लोकांच्या कंबरा मी चारचौघांत काढल्या. आज माझी निघाली.


४ सप्टेंबर, गुरुवार

सहा बिस्किटं, ओट्याशी उभ्यानं. उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नाही, हा नियम कोणी केला? मीच.


७ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी अकराला येतो, कामावर हजेरी लावल्यासारखा.

"बरे आहात?"

"हो. तू?"

"हो. औषधं?"

"घेतो."

"बरं. ठेवते."

घड्याळ पाहिलं — एक मिनिट चाळीस सेकंद. मी तीन तास सभा धरून ठेवणारा माणूस!

ती दुसऱ्या शहरात, मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. रक्ताच्या तपासण्या करते. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. ही नोकरी लागल्यापासून तिचं वजन वाढत गेलं. मी तिला काय काय ऐकवलं, ते आठवलं की कान गरम होतात. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून सभेला यायची. टाळ्या वाजल्या की तिला वाटायचं, तिच्यासाठीच वाजल्या.

ती रागावली आहे. दोन वर्षं झाली. हक्कच आहे तिचा.


९ सप्टेंबर, मंगळवार

ठरवलं, आज जे पोटात गेलं ते खरं लिहायचं.

सकाळी चहा, साखर दोन चमचे. बिस्किटं चार. दहाला पुन्हा चहा, कारण घरात आवाज नव्हता आणि आधण ठेवलं की आवाज होतो. दुपारी भात, बटाट्याची भाजी, दही. चारला बिस्किटं — किती, आठवत नाही, पुडा संपला. संध्याकाळी टीव्हीसमोर शेंगदाणे. मग उरलेला भात.

हा उरलेला भात म्हणजे खरी गंमत आहे. तांदूळ मी रोज दोन वाट्या घेतो. एकट्याला एक पुरते, हे डोक्याला कळतं. हाताला दोघांचंच माप ठाऊक. हात डब्यात जातो, एक वाटी, आणि मी थांबायच्या आत दुसरी. मग टाकायचं कसं? अन्न टाकू नये! म्हणून बसतो आणि हिच्या वाटणीचं खातो. रोज. दोन वर्षं.

सतरा किलोंचा हिशोब आणखी कुठे शोधायला नको.

पण हे व्यासपीठावरून कसं सांगायचं? 'मित्रहो, लठ्ठपणाचं कारण — दुसरी वाटी.' लोक हसतील.


११ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. माझ्या मुलीहून थोडी मोठी असेल. रक्तदाब वर, साखर सीमेवर. मी लगेच सुरू झालो — उष्मांक, चयापचय, वाचलेलं सगळं. तिनं पेन खाली ठेवलं आणि ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, जेवता कुणाबरोबर?"

मी म्हणालो, "त्याचा काय संबंध?"

"झोप किती?"

"चार-पाच तास."

"चालता कुणाबरोबर?"

"चालत नाही. आणि हे पाहा, हा सगळा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे —"

"हो? मग दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे भरपूर होती म्हणता. गेली कुठे? चोरीला?"

लठ्ठपणावर मी चाळीस पुस्तकं वाचली असतील. 'जेवता कुणाबरोबर' हा प्रश्न त्यांतल्या एकातही मला भेटला नाही. की होता, आणि मीच ते पान उलटलं?

ती म्हणाली, झोप मोडली की भूक वाढते. दुःखात शरीर गोड मागतं. त्याला आळस म्हणू नका. आधी काटा नको, आधी जेवणाला माणूस शोधा.

माणूस काय वाण्याकडे मिळतो?


१४ सप्टेंबर, रविवार

अकराचा फोन. एक मिनिट दहा सेकंद. घटतंय ते हेच.


१६ सप्टेंबर, मंगळवार

आज तीन तास मास्तरच्या दुकानात होतो. गेलो होतो नव्या कोटाचं कापड बघायला. तो बसडेपोच्या चालकांचे गणवेश बेतत होता. खडूनं रेघ ओढता ओढता म्हणाला, "एकेकाळी हा कपडा अडीच मीटरमध्ये बसायचा. आता तीनलाही ओढाताण."

मी म्हणालो, "आळशी झालेत सगळे."

त्यानं खडू ठेवला. फळीवरून जाडजूड वह्या काढल्या. अठ्ठावीस वर्षांच्या, मापांच्या. डेपोचे गणवेश तोच शिवतो, शाळेचेही तोच. म्हणाला, "तुम्ही वाचणारे माणूस. वाचा!"

वाचलं. आणि अंगावर काटा आला!

एकेक चालक, वर्षामागून वर्ष. बत्तीस, बत्तीस, तेहेतीस. मग एका वर्षी सगळ्यांच्याच कंबरा एकदम उडी मारतात — छत्तीस, सदतीस! मी विचारलं, या वर्षी काय झालं? मास्तर म्हणाला, "पाळ्या तोडल्या. सकाळी चार तास, संध्याकाळी पाच तास, मधले सहा तास डेपोतच बसून राहायचं. ना घरी जाता येत, ना झोपता येतं. चहा आणि तळलेलं, दुसरं तिथं मिळतंच काय?"

शाळेची वही. सातवीच्या पोरांचं माप आठ-नऊ वर्षं जागचं हललं नाही, आणि मग दोन वर्षांत दीड इंच. "मैदानावर गाड्या लावायला लागले ते साल," मास्तर म्हणाला. "त्याच वर्षी फाटकाशी शीतपेयांच्या, म्हणजे नुसत्या गोड पाण्याच्या, बाटल्यांचं शीतकपाट आलं. प्यायच्या पाण्याचा नळ बंद पडला, तो अजून बंदच आहे."

गोदामाचे हमाल, जे आता कमी झाले, आणि त्यांच्या जागी पडद्यासमोर बसणारे. नव्या रुंद रस्त्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका, ज्यांचं बाजारात पायी जाणं तुटलं. पदपथच नाही! चालायचं कुठे, गाड्यांखाली?

मी उभा राहिलो. "मास्तर, हा ग्रंथ आहे!"

"ग्रंथ कसला? कंबरा आहेत."

"अहो, एका वर्षी पन्नास चालकांची इच्छाशक्ती एकदम संपते का? साथ आली का ढिलाईची? नाही! कोणीतरी वर बसून वेळापत्रक बदललं, कोणीतरी मैदान गाड्यांना दिलं, कोणीतरी नळापेक्षा बाटली जवळ आणली! आणि मी? मी व्यासपीठावर उभा राहून त्या पोरांनाच झोडपत होतो!"

"हळू," मास्तर म्हणाला, "काच तडकेल."

मग पानं उलटता उलटता बायकांच्या कपड्यांची वही हाती आली. तिच्यात ही.

हिचं माप, एकाच वर्षात चारदा. जानेवारी — अडतीस. मार्च — छत्तीस. एप्रिल — साडेतेहेतीस. मे — एकतीस. शेवटच्या ओळीशी मास्तरचं बारीक अक्षर, 'साहेबांना सांगितले.'

पुढे आज लिहवत नाही.


१७ सप्टेंबर, बुधवार

लिहितो. इथं नाही तर कुठे?

मास्तरनं खरंच सांगितलं होतं. मे महिना, भर चौकात. "साहेब, वहिनींचं माप फार झपाट्यानं उतरतंय. मी इतक्या भराभर कुणाचं पाहिलं नाही." त्याच्या डोळ्यांत काय होतं, ते मी पाहिलंच नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली — "माझ्या चळवळीचा पहिला विजय!" — आणि त्याच संध्याकाळी नगरसभागृहात ते वापरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेच ते 'गाजलेलं' भाषण. सहाशे माणसं. मी हिला वर बोलावलं. ती कठड्याला धरून पायऱ्या चढली. मला वाटलं, लाजतेय. "पाच महिन्यांत अकरा किलो! ना औषध, ना यंत्र! हा निश्चयाचा पुतळा माझ्या घरात आहे!" टाळ्यांचा कडकडाट. ती हसली, पदर सारखा केला आणि कठडा सोडला नाही. मग मी तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. लेक बसली होती. "आईला जमतं, तर लेकीला का जमू नये?" मोठा हशा. लेक उठून बाहेर गेली. हशा वाढला. मी थांबून तो वाढू दिला — वक्त्याला ठाऊक असतं, हशा कुठवर ताणायचा.

जूनमध्ये दौरा संपला, तेव्हा ही आडवी पडली. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पाहिल्या, चष्मा काढला. "दोन महिने आधी आला असतात तर..." वाक्य पुरं केलं नाही. ऑगस्टात ती गेली.

दोन महिने आधी म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये मी कुठे होतो? गावोगाव, माणसाच्या शरीरावर बोलत. घरातलं शरीर गळत होतं आणि मी त्याची पाठ थोपटत होतो. जो उतरतो तो शहाणा, जो वाढतो तो वेडा — एवढंच मला वाचता येत होतं. मोळीविक्याला चंदनाची पारख असावी, तशी माझी पारख.

लेकीला हे सगळं ठाऊक आहे. म्हणून ती बोलत नाही.


२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी सहाला दार वाजलं. मास्तर! पायात जुने कापडी बूट.

"चला. डॉक्टरीणबाईंनी मलाही सांगितलंय. बसून बसून मी खुर्चीला शिवला गेलोय."

"तुम्हाला कोणी सांगितलं मी —"

"औषधांचा दुकानदार. इथं पोटाची बातमी पोटात राहत नाही."

पदपथ नाही, म्हणून बंद गोदामाच्या कुंपणाकडेनं गोल फिरलो. तीन फेऱ्यांत माझा भाता फुंकायला लागला. तो एका पायानं किंचित लंगडतो, पण बोलणं थांबत नाही. येताना दुकानातच बसलो. त्याच्या बायकोनं डब्यात उकडलेली अंडी, काकडी आणि पाव दिला होता, दोघांपुरता. कात्री बाजूला सरकवून तिथंच खाल्लं. बसून. बोलत. मला नंतर दुपारपर्यंत बिस्किटाची आठवण झाली नाही. आश्चर्य!

त्या 'साहेबांना सांगितले'बद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही.


२१ सप्टेंबर, रविवार

मी फोनवर म्हणालो, "चालायला लागलोय." ती म्हणाली, "बरं."

हा 'बरं' नेहमीच्याहून लांब होता. की मला तसं वाटलं?


२४ सप्टेंबर, बुधवार

आज एकच वाटी तांदूळ. दुसरी काढली होती, परत डब्यात ओतली. रडू आलं. तांदळाच्या डब्यापाशी उभा राहून रडणारा चौसष्ट वर्षांचा माणूस — कोणी पाहिलं नाही, हे चांगलं की वाईट?


२८ सप्टेंबर, रविवार

साडेपंच्याण्णव. अर्धा किलो! अर्ध्या किलोवर भाषण होत नाही. पण झोप सहा तास झाली.

फोनवर तिनं आपण होऊन विचारलं, "आवाज का दमलाय?"

"आत्ताच चालून आलो."

"एकटे?"

"नाही, मास्तरबरोबर."

मी धीर केला. "बारा तारखेला सभागृहात बोलणार आहे. येशील?"

"तेच भाषण?"

"नाही गं. दुसरं. त्याच्या उलटं."

ती पटकन म्हणाली, "माझी पाळी आहे बाबा. ठेवते."

तिनं 'बाबा' म्हटलं. किती महिन्यांनंतर?


२ ऑक्टोबर, गुरुवार

जुन्या भाषणाचे चौकोनी कागद काढले. बावीस. एकेकावर लाल रेघ — इथं थांबा, इथं हशा, इथं टाळी. सगळे फाडले. 'ढिलाई'वाला फाडताना बरं वाटलं.

नव्यानं लिहितोय. पहिलंच वाक्य अडलं आहे. उपाय तर डोळ्यांसमोर आहेत! मैदान परत मिळालं पाहिजे. शाळेचा नळ वाहता झाला पाहिजे, बाटल्यांचं कपाट फाटकापासून उचललं पाहिजे. चालकांच्या तुटलेल्या पाळ्या जोडल्या पाहिजेत. पदपथ! आणि ज्याचं वजन एकाएकी बदलेल, वर किंवा खाली, त्याला आधी तपासायला न्या, उपदेश मागाहून. घरात एकटा जेवणारा कोणी असेल तर त्याला हाक मारा. गोड पाणी सोडा, झोप धरा, ताट घेऊन खाली बसा. आणि देवासाठी, कोणाला हसू नका! ज्याला हसतात तो माणूस बारीक होत नाही. तो दार लावून खातो.

यातलं मला आधी काहीच ठाऊक नव्हतं असंही नाही. पण त्याला टाळ्या नव्हत्या. लाजवायला टाळ्या होत्या.


५ ऑक्टोबर, रविवार

अकरा वाजले. साडेअकरा. बारा. फोन नाही.

'बाबा' म्हणून गेली ते चुकून असावं.

बिस्किटं आठ. बसून मोजली.


८ ऑक्टोबर, बुधवार

सेक्रेटरी येऊन गेला. दारातच माझ्याकडे बघून म्हणाला, "सर... तब्येत जरा... सुधारलीय."

"लठ्ठ झालोय म्हण. विषयच तो आहे."

तो घाईनं म्हणाला, जाहिरातीत जुनाच फोटो टाकलाय. मग खुर्चीच्या कडेवर टेकला. कार्यक्रमाला एका गोड पाण्याच्या कंपनीनं हातभार लावलाय, तर बाटल्यांचा विषय तेवढा... "आणि शाळेच्या मैदानाचाही नको सर, अध्यक्षांचा त्यात थोडा संबंध आहे. तुम्ही आपलं इच्छाशक्तीवर बोला. ते किती छान बोलता!"

अस्सा! म्हणून माझं भाषण इतकं आवडत होतं! माणसाच्या मनाला शिव्या घातल्या की कोणाचंच काही जात नाही — ना दुकानदाराचं, ना अध्यक्षाचं. मी इतकी वर्षं स्वतःला तोफ समजत होतो. होतो खरा. तोंड मात्र नेहमी गरिबाकडेच.

त्याला म्हटलं, "मी काय बोलणार, ते तिथं ऐक. नको असेल तर आत्ता दुसरा वक्ता बघ."

चार दिवस राहिलेत. दुसरा मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. कपाळाला हात लावून गेला.


११ ऑक्टोबर, शनिवार

मास्तरनं कोट आणून दिला. नवा घेऊ दिलाच नाही. पाठ मधोमध उसवून चार बोटं रुंदीची पट्टी घातली आहे. तसं कापड आता मिळत नाही. कोट तपकिरी, पट्टी काळी.

"समोरून कळणार नाही. फक्त पाठ फिरवू नका."

घातला. बटण लागलं. श्वासही घेता येतो.


१२ ऑक्टोबर, रविवार

सभागृह भरलेलं. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची मी सेक्रेटरीला सांगून रिकामी ठेवली होती. शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

उभा राहिलो. पहिलं वाक्य अजूनही सापडलं नव्हतं. म्हणून सभेकडे पाठ केली. तसाच उभा राहिलो, काळी पट्टी सगळ्यांना दिसेपर्यंत. आधी कुजबुज, मग हशा. मी तो ताणला नाही. वळलो आणि म्हणालो, "ही माझी गेली दोन वर्षं. आता कशानं वाढलो, ते सांगतो."

दोन वाट्यांचं सांगितलं. कोणी हसलं नाही. मग मास्तरच्या वह्या, चालक, मैदान, नळ, बाटल्या. पहिल्या रांगेत अध्यक्ष घड्याळ बघू लागले. मागच्या रांगांतून "बरोबर!" आलं. आवाज लागला होता. इथंच संपवलं असतं तर टाळ्या नक्की होत्या. मला ठाऊक होतं.

मग हिचं सांगितलं. याच पायऱ्या, हाच कठडा. अकरा किलो. तुम्ही टाळ्या वाजवल्या, कारण मी वाजवायला लावल्या. आणि लेकीचं सांगितलं. "ती उठून गेली तेव्हा तुम्ही हसलात. दोष तुमचा नाही. हशा माझा होता." पुढे लिहून आणलेलं होतं, पण अक्षरं दिसेनात. खाली उतरलो.

एक टाळी नाही. सहाशे खुर्च्या आणि पंख्यांची घरघर.

बाहेर पडताना एका चालकानं हात धरला. "साहेब, पाळ्यांचा अर्ज लिहून द्याल?" मास्तर दाराशी फोन हातात धरून उभा होता. डोळे पुसत होता आणि मला सांगत होता, आत धूळ फार आहे.

घरी आलो. एक वाटी भात. खाली बसून.


१५ ऑक्टोबर, बुधवार

चालकांचा अर्ज लिहिला. एकोणचाळीस सह्या. मैदानासाठी शाळेचे पालक भेटायला आले, नऊ जण. सेक्रेटरी रस्त्यात दिसला आणि वळून गेला.

माणसं येतात, जातात. दार लावलं की पुन्हा तेच घर. काटा पंच्याण्णव. उतरतोय. सांगणार कोणाला?


१९ ऑक्टोबर, रविवार

अकराला फोन वाजला नाही. दार वाजलं.

लेक! हातात पिशवी, अंगात कामावरचाच कपडा, रात्रपाळीहून सरळ आलेली. मास्तरनं सगळं भाषण फोनवर उतरवून तिला पाठवलं होतं. तिचा नंबर त्याच्याकडे कुठून? मापांच्या वहीत, हिच्या नावापुढे.

ती आत आली नाही. उंबऱ्यावरच बोलली. एका दमात, जणू पाठ केलेलं.

"ते दोन महिने तुमचे नाहीत बाबा. माझे आहेत. एप्रिलमध्ये आई माझ्याकडे आली होती. तपासणी मीच केली. या हातांनी. तिनं शपथ घातली — त्यांचा दौरा संपू दे, मग सांगू. मी गप्प बसले. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, म्हणून नाही उठले मी. तिला वर उभं बघवेना. आणि नंतर... तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल, म्हणून दर रविवारी ठेवते, ठेवते..."

मी दोन वर्षं त्याला राग समजत होतो.

आयुष्यभर शब्दांवर जगलो. आज शोधून एवढेच सापडले — "जेवलीस का?"

तिनं मान हलवली. नाही.

आत गेलो. तांदळाचा डबा उघडला. दोन वाट्या. हाताला बरोबर ठाऊक होतं.